अक्षर आधी की शब्द आधी?

गेल्या वर्षीची गोष्ट. पहिल्या वर्षाच्या वर्गात मी सक्तीच्या शिक्षणाचा इतिहास शिकवीत होतो. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, त्याविषयीचा एक उतारा मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याला मी मोठ्याने वाचायला सांगितला. तो उभा राहिला, दोन ओळी चाचरत वाचल्या, आणि ‘सार्वत्रिक’ या शब्दापाशी गप्प झाला. मी म्हटलं, “पुढे?” तो गप्प. वर्गात हसू पसरलं. मला वाटलं, पोरगा उर्मटपणा करतो आहे. “वाचायचं नसेल तर बाहेर जा,” असं मी म्हणालो, आणि तो खरंच गेला.

दुपारी तो आमच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. म्हणाला, “सर, मला वाचता येतं. पण मोठं जोडाक्षर आलं की अडतो. मग सगळे हसतात.” बारावीपर्यंत आलास कसा, असं मी विचारलं. मित्र वाचायचा, हा ऐकायचा, आणि पाठ करायचा. वाचायला तुला शिकवलं कसं, या प्रश्नाला त्याने थोडा विचार करून उत्तर दिलं, “पुस्तकात चित्रं होती, सर. चित्र बघून खालचा शब्द सांगायचा. मला सगळे शब्द यायचे.”

सकाळी मी त्याला जे बोललो त्याची लाज वाटलीच. पण इतिहासाच्या माणसाला दुसरीही एक खंत लागली. राजेरजवाड्यांच्या तहांच्या तारखा आपण शिकवतो, आणि मूल वाचायला कसं शिकतं, याही गोष्टीला इतिहास आहे हे आपल्या गावीही नसतं. तो धुंडाळला तेव्हा जे हाती आलं ते या भाषणात सांगितलं होतं. रेडिओवर वेळेचं बंधन असतं, म्हणून छापताना थोडी भर घातली आहे.

प्रारंभ आपल्या पंतोजींपासून करू. इंग्रजी अमलाच्या आधीपासून गावोगाव चालणाऱ्या या शाळांत मुलाच्या हातात पुस्तक नसायचं. पाटीवर बारीक वाळू किंवा विटकरीची पूड पसरायची आणि तिच्यावर बोटाने अथवा काडीने अक्षर काढायचं. चुकलं की हात फिरवला, पाटी कोरी. आरंभ ‘ओनामासीधं’ने. हे ‘ॐ नमः सिद्धम्’चं मुलांच्या तोंडी रुळलेलं रूप. मग मूळाक्षरे, बाराखडी, जोडाक्षरे, आणि पुढे मोडीचे कित्ते. म्हणजे वाचन हा वेगळा विषयच नव्हता. लिहिता लिहिता वाचायला यायचं. त्यातही मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत, तेव्हा कागद वाचणाऱ्याला मजकुराच्या रोखावरून शब्द ताडावा लागे. धुळपाटीवर अक्षर पक्कं झालेलं आणि मोडीत अर्थावरून ताडण्याची सवय: या दोन्ही गोष्टी एकाच शाळेत, एकाच छडीखाली चालत. पुढे ज्या दोन पंथांत शंभर-दीडशे वर्षं भांडण जुंपलं, ते दोन्ही पंथ पंतोजींच्या ओसरीवर शेजारीशेजारी बसलेले होते.

या वाळूने एक मोठा प्रवास केला आहे. अँड्र्यू बेल नावाचे एक स्कॉटिश पाद्री १७८९ साली मद्रासजवळ एग्मोर येथील सैनिकांच्या अनाथ मुलग्यांच्या शाळेवर प्रमुख झाले. तिथल्या एका देशी शाळेत मुलं वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना त्यांनी पाहिली. आपल्या शाळेतल्या शिक्षकांना त्यांनी तसं करायला सांगितलं, तर शिक्षकांनी नाकं मुरडली. तेव्हा बेलसाहेबांनी जॉन फ्रिस्किन नावाच्या आठ वर्षांच्या पोराला मुळाक्षरांच्या वर्गाचा शिक्षक करून टाकलं! पोराला जमलं. थोरल्याने धाकट्याला शिकवायचं, या रीतीवर बेल यांनी १७९७ मध्ये लंडनला पुस्तक प्रसिद्ध केलं. त्याच सुमारास जोसेफ लँकेस्टर यांनी लंडनमध्ये तशाच धर्तीची शाळा काढली, आणि त्यांच्या शाळेतही वाळूची मेजं होती. पुढे १८२२ साली मुंबईत शाळा व शालेय पुस्तके यांसाठी मंडळी स्थापन झाली, कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस तिचे चिटणीस झाले, आणि मराठी मुलांना शिकवायची सुधारलेली विलायती पद्धत म्हणून पुढे काय आलं? तर लँकेस्टरची पद्धत. मद्रासची वाळू लंडनला जाऊन, शिक्का मारून, मुंबईला उतरली.

पण इंग्रजी मुलाचं दुखणं निराळं होतं, आणि ते नीट ध्यानात घेतलं नाही तर पुढचं सारं भांडण चमत्कारिक वाटेल. मराठी मूल क, म, ळ ही अक्षरं लागोपाठ म्हणतं आणि ‘कमळ’ आपोआप होतं, कारण आपल्या अक्षराचं नाव तोच त्याचा उच्चार. इंग्रजी मूल म्हणतं ‘सी, ए, टी’. आता हे तिन्ही शब्द कितीही भरभर म्हणा, ‘सीएटी’ होईल, ‘कॅट’ काही होणार नाही. नावावरून उच्चार कळत नाही, आणि एकाच अक्षराचे उच्चार तरी किती! तरीही शतकानुशतके इंग्रजी शाळांतून आधी सव्वीस नावं, मग निरर्थक जोड्या, मग शब्द, अशीच घोकंपट्टी चाले.

याविरुद्ध अमेरिकेत पहिला मोठा आवाज उठवला तो होरेस मान यांनी. मॅसॅच्युसेट्सच्या शिक्षण मंडळाचे ते चिटणीस. सुटी अक्षरं म्हणजे मुलापुढे नाचवलेले हाडांचे सापळे आहेत, अशा अर्थाचं ते एका भाषणात बोलून गेले होते. १८४३ साली ते युरोप पाहून आले आणि आपल्या सातव्या वार्षिक अहवालात त्यांनी प्रशियातल्या शाळांची वाखाणणी केली. मुलांना अक्षरं न देता आधी संबंध, ओळखीचा शब्द द्यावा, असं त्यांचं म्हणणं. त्यावर १८४४ मध्ये बॉस्टनच्या एकतीस शाळामास्तरांनी एकत्र येऊन मोठं उत्तर छापलं. मास्तर एवढे कधी एकवटतात? पगारासाठीही कठीण! मौज अशी की प्रशियात मान यांनी जे पाहिलं, तिथले शिक्षक घराचं चित्र काढून ‘घर’ हा शब्द लिहीत हे खरं, पण लगेच त्याचे ध्वनी सुटे करून मुलांकडून म्हणवून घेत. प्रवाशाने परत येऊन अर्धीच गोष्ट सांगावी, असा हा प्रकार झाला.

शब्दवाद्यांना पुढे शास्त्राचं पाठबळ मिळालं. लाइपझिगच्या प्रयोगशाळेत जेम्स कॅटेल यांनी १८८६ च्या सुमारास दाखवून दिलं की सराईत वाचकाला ओळखीचा छोटा शब्द ओळखायला एका सुट्या अक्षरापेक्षा जास्त वेळ लागत नाही. प्रयोग चोख होता. त्यावरून लोकांनी काढलेलं अनुमान मात्र चुकलं. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकताना पाठीला डबा नाहीतर भोपळा बांधतात. पट्टीच्या पोहणाऱ्याला डबा लागत नाही, म्हणून नवशिक्यालाही डब्याशिवाय ढकलून द्यायचं, असा हा न्याय झाला. पण विसाव्या शतकात ‘पाहा आणि सांगा’ ही रीत अमेरिकेतल्या शाळांतून सर्रास रूढ झाली. रंगीत चित्र, खाली मोजकेच शब्द, आणि तेच शब्द पानोपानी पुन्हा पुन्हा. १९५५ साली रुडॉल्फ फ्लेश यांनी एका गाजलेल्या पुस्तकात या रीतीवर कडाडून हल्ला केला. १९६७ साली हार्वर्डच्या जीन चॉल यांनी तोवरचे सगळे प्रयोग तपासून, आरंभी अक्षर-ध्वनीचं नातं शिकवलेली मुलं पुढे राहतात, असा संयमित निष्कर्ष काढला. त्याच वर्षी केनेथ गुडमन यांनी नेमकं उलटं मांडलं, की वाचन हा अर्थाच्या आधाराने तर्क करण्याचा खेळ आहे. पुढची तीस वर्षं तिकडे या दोन तटांत अक्षरशः युद्ध चाललं. २००० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन समितीने आणि २००६ साली इंग्लंडमध्ये जिम रोझ यांच्या अहवालाने ध्वनी क्रमवार शिकवण्याच्या बाजूने कौल दिला. तरी वाद मिटला असं म्हणवत नाही.

आता, हे भांडण आपलं आहे का?

आपल्या अध्यापक विद्यालयांच्या पुस्तकांतून अक्षरपद्धती, शब्दपद्धती, वाक्यपद्धती, गोष्टपद्धती अशी मांडणी असते, प्रत्येकीचे गुण आणि दोष ओळीने दिलेले असतात, आणि परीक्षार्थी ते पाठ करतात. मांडणी इंग्रजीवरून आलेली आहे. पण लिपी इंग्रजी नाही, हे त्या पानांत फारसं कुणी विचारात घेतलेलं दिसत नाही. लिपीचा फरक केवढा पडतो, हे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसतं. फिलिप सिमूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेरा युरोपीय भाषांतल्या पहिलीच्या मुलांची चाचणी घेतली. वर्षअखेरीस ओळखीचे शब्द फिनलंडची मुलं शंभरांत अठ्ठ्याण्णव बरोबर वाचत होती. इंग्रजी शिकणारी स्कॉटलंडची मुलं चौतीस. स्कॉटिश मुलं वयाने लहान होती हे खरं, पण तेवढ्याने एवढी दरी भरत नाही. इंग्रजीच्या वर्णलेखनाला वैतागलेल्या माणसाने ‘अक्षरं सोडा, शब्दच दाखवा’ म्हणणं समजू शकतं. मराठी माणसाने तेच म्हणणं म्हणजे शेजाऱ्याला खोकला झाला म्हणून आपण काढा पिण्यासारखं आहे.

पण म्हणून आपली देवनागरी अगदी निर्दोष, बोलावं तसं लिहावं आणि लिहावं तसं बोलावं, हा अभिमानही थोडा आवरायला हवा. ‘जग’ हा शब्द घ्या. ‘हे जग मोठं आहे’ यातला ज वेगळा, आणि ‘बाबा रे, जग’ यातला ज वेगळा. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले च सारखे नाहीत. ‘करतो’ आपण ‘कर्तो’ म्हणतो. आणि मुख्य अडचण आहे ती चिन्हांच्या संख्येची. इंग्रजी मुलापुढे सव्वीस अक्षरं. आपल्या मुलापुढे चौतीस व्यंजनं, आणि बाराखडीत बारा बारा रूपं म्हटली तर चारशेच्या वर. त्यात वेलांटी कागदावर आधी येते आणि तोंडात मागून. र तर बहुरूपी आहे: कधी अक्षराच्या डोक्यावर, कधी पायाशी, कधी पोटात तिरपा. माझा विद्यार्थी जिथे अडला तो ‘सार्वत्रिक’ शब्दच पाहा. ‘र्व’मधला र व्यंजनाच्या डोक्यावर बसला आहे, पण म्हणायचा आधी. ‘त्रि’मधला र पायाशी आहे, तो म्हणायचा नंतर. आणि त्या ‘त्रि’ची वेलांटी सर्वांच्या पुढे येऊन उभी. एका शब्दात सगळ्या खाचखळग्यांची हजेरी लागली आहे.

इथे बाराखडीची थोडी बाजू घेतली पाहिजे. ‘क ला काना का, पहिली वेलांटी कि, दुसरी वेलांटी की’ हे आपण पोपटपंची म्हणून हसण्यावारी नेतो. वस्तुतः ते फार शहाणं विश्लेषण आहे. काना म्हणजे ‘आ’, मग तो कुठल्याही व्यंजनाला लागो. हा नियम मुलाला शब्दांत न सांगता सुरावर शिकवला जातो. चारशे चिन्हं पाठ करायची नाहीत, चौतीस अधिक बारा एवढीच कळ हातात घ्यायची. ‘प्रथम’ ही संस्था मुंबईत नव्वदीच्या दशकात सुरू झाली. मागे पडलेल्या मुलांना वाचतं करण्याच्या तिच्या वर्गांत गोष्टींच्या पुस्तकांबरोबर बाराखडीचा तक्ता भिंतीवर परत आला, तो काही जुन्याच्या प्रेमाने नव्हे.

दोष होता तो क्रमाचा आणि उशिराचा. ‘अ अननसाचा’पासून ‘ज्ञ’पर्यंत सगळी अक्षरं संपल्याशिवाय काना नाही, काना-मात्रा संपल्याशिवाय धड वाक्य नाही. (अननस हे फळ पोर्तुगीजांनी अमेरिकेतून आणलं; म्हणजे आपल्या मुळाक्षरांचं पहिलं पाऊलच परदेशी पडतं, पण ते असो.) मुलाला कितीतरी महिने असं काहीच वाचायला मिळत नाही की जे वाचून त्याला हसू येईल. आणि काना-मात्रा टाळून वाक्यं करायची म्हटलं की सगळी पात्रं एकमेकांना नुसत्या आज्ञा करीत सुटतात. तशी भाषा कुठल्या घरात कोण बोलतं?

ही कोंडी फोडायचे प्रयत्न आपल्याकडे झाले. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेकांनी १९२० साली बालमंदिर काढलं. १९२३ मध्ये ताराबाई मोडक तिथे गेल्या. दोघांनी माँटेसरीबाईंची पद्धत इथल्या मातीत रुजवली. पुढे ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, मग कोसबाडला अनुताई वाघांबरोबर आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. माँटेसरीबाईंच्या साधनांत खरखरीत कागदाची अक्षरं असतात. मूल त्यांवरून बोट फिरवत त्यांचा ध्वनी म्हणतं, आणि वाचनाच्या आधी त्याला लिहिता येऊ लागतं. वाळूची पाटी गेली, वाळूचा कागद आला! हाताला आधी कळतं, हे पंतोजींना ठाऊक होतं आणि रोमच्या डॉक्टरीणबाईंनाही. मध्ये फक्त छडी गळाली, हा फरक मात्र फार मोठा.

दुसरं नाव मॅक्सीन बर्नसन यांचं. जन्माने अमेरिकन, भाषाशास्त्राच्या अभ्यासक. फलटणला येऊन त्या तिथल्याच झाल्या आणि १९८४ साली त्यांनी प्रगत शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांच्या रीतीचा गाभा असा की वर्णमालेचा क्रम सोडून द्यायचा. अक्षरांचा छोटा गट घ्यायचा आणि काना-वेलांटी पहिल्यापासून त्यांच्याबरोबरच द्यायची. हे किती सोपं आहे ते घरी करून पाहा. क, म, ल, न ही चार अक्षरं, एक काना आणि एक दुसरी वेलांटी घ्या. काका, काकी, मामा, मामी, नाना, कान, नाक, लाल, मला. माझ्या भाचीने यातून स्वतःच्या मनाने पहिलं वाक्य जुळवलं ते ‘मामीला नाक, काकाला कान’. वाक्यात काही मोठा अर्थ आहे असं नाही. पण ती दिवसभर ते साऱ्या घराला वाचून दाखवत होती, आणि चित्राकडे बघून नव्हे.

यात अक्षर आधी आलं की शब्द आधी? मला तरी वेगळं काढता येत नाही.

एवढं करूनही घाई उपयोगाची नाही. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेलं संशोधन २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. कन्नडाची लिपीही आपल्याच घाटाची. मुलांची सगळी अक्षररूपं पक्की व्हायला चौथी-पाचवी उजाडते, असं त्यात दिसलं. आपण मात्र पहिलीच्या अखेरीस ‘झाली मुळाक्षरं, झाली बाराखडी’ म्हणून हात झटकतो, आणि दुसरीपासून वाचन शिकवायचं सोडून वाचनाची परीक्षा घ्यायला लागतो. ‘असर’ या पाहणीत २००५ पासून ग्रामीण भारतातल्या मुलांना घरी जाऊन वाचायला लावतात. २०२४ च्या पाहणीत पाचवीतल्या मुलांपैकी सुमारे ४९ टक्क्यांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. तिसरीत हेच प्रमाण सुमारे २७ टक्के होतं.

हे आकडे ऐकले की माझ्या पिढीतला कुणीतरी हमखास म्हणतो, “आमच्या वेळी असं नव्हतं. पाटीवर गिरवलं, छडी खाल्ली, आणि आलं वाचायला!” इतिहासाचा विद्यार्थी म्हणून इथे मला अडवावंसं वाटतं. जुन्या शाळांच्या आठवणी लिहिल्या कुणी? ज्यांना वाचता आलं त्यांनी. ज्याला आलं नाही तो दोन वर्षांनी गुरं वळायला गेला. त्याने आत्मचरित्र लिहिलं नाही. पंतोजींच्या ओसरीवर मुळात सगळ्यांना जागा तरी कुठे होती? जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली तेव्हा लोकांना ते पाप वाटलं. ज्या घरात पोथी होती, हिशेबाची वही होती, त्या घरचं मूल कुठल्याही पद्धतीने शिकत होतं आणि आजही शिकतं. त्याच्यावरून पद्धतीची परीक्षा होत नाही. बॉस्टनच्या एकतीस मास्तरांनाही आपल्या रीतीचा पुरावा म्हणून आपले हुशार विद्यार्थीच दिसत होते, आणि होरेस मान यांनाही पाहुणा म्हणून बहुधा चांगलेच वर्ग दाखवले गेले असतील. जो मागच्या बाकावर चित्र बघून शब्द सांगत होता, त्याची नोंद दोन्हीकडे नाही.

माझा विद्यार्थी आता दर शनिवारी तास संपल्यावर येतो. मला काही वाचन शिकवण्याचं शिक्षण नाही; ओळखीच्या एका प्राथमिक शिक्षिकेला विचारून आम्ही आमचं चालवलं आहे. पहिले दोन महिने फक्त र घेतला. वर्तमानपत्रातून रफाराचे शब्द शोधायचे, त्यांवर लाल खूण करायची; पायातल्या र वर निळी. बाजारातल्या पाट्या, एस.टी.वरची गावांची नावं, काहीही चाललं. या महिन्यात त्याने वर्गात स्वतःहून हात वर केला आणि तोच १९१७ चा उतारा वाचला. ‘सार्वत्रिक’पाशी तो याही वेळी थांबला. वर्गात थोडी चुळबुळ झाली. त्याने शब्दाखाली बोट ठेवलं, आधी रफार, मग पायातला र, असं ओठांतल्या ओठांत लावून पाहिलं, आणि शब्द म्हणून पुढच्या ओळीला लागला.